पूल क्यूसाठी लो-डिफ्लेक्शन शाफ्ट कसा निवडायचा

पूल खेळायला लागून काही महिने झाले आणि सरळ शॉट बऱ्यापैकी जायला लागले, की खेळाडू पांढऱ्या बॉलला साइड लावायला, म्हणजे मध्यापासून बाजूला मारून फिरकी द्यायला शिकतो. नेमकी तिथेच गाडी अडते. काल सहज पॉट होणारा बॉल आज पॉकेटच्या जबड्यावर आपटून बाहेर येतो. मग क्लबमधलं कोणीतरी सांगतं, ‘लो-डिफ्लेक्शन शाफ्ट घे, फरक पडेल.’ शाफ्ट म्हणजे क्यूचा पुढचा, बारीक होत जाणारा भाग. सल्ला चुकीचा नाही, पण अर्धवट आहे. हा शाफ्ट नेमकं काय करतो, काय करत नाही आणि आपल्या क्यूला, आपल्या हाताला कोणता चालेल, हे कळल्याशिवाय एवढे पैसे घालू नयेत.

आधी बॉल का भरकटतो ते समजून घ्या

पांढऱ्या बॉलच्या बरोबर मध्यावर मारलं तर तो क्यूच्या रेषेत जातो. मध्यापासून उजवीकडे मारलं, म्हणजे राइट साइड लावली, तर तो त्या रेषेच्या किंचित डावीकडे सटकतो. लेफ्ट साइडला तो उजवीकडे जातो. हेच डिफ्लेक्शन. अमेरिकेतले खेळाडू याला स्क्वर्टही म्हणतात.

याचं कारण शाफ्टच्या टोकाशी आहे. टिप, म्हणजे क्यूच्या टोकावरची चामड्याची चकती, बाजूला लागली की बॉल फिरायला लागतो आणि फिरताना टिपला बाहेरच्या बाजूला ढकलतो. टिपसोबत फेरूल (टिपच्या मागची कडक टोपी) आणि शाफ्टचं पुढचं टोकही सरकावं लागतं. ते टोक जितकं जड, तितका त्याला सरकवायला जोर जास्त आणि तितकाच उलटा जोर बॉलवर. टिप आणि बॉल यांचा स्पर्श जेमतेम एक-दोन मिलिसेकंदांचा असतो. तेवढ्या वेळात हा बाजूचा धक्का शाफ्टमधून टिपच्या मागे साधारण सहा-सात इंचच पोचतो. त्यामुळे मागचा शाफ्ट, बट (क्यूचा मागचा जाड भाग), क्यूचं एकूण वजन यांचा डिफ्लेक्शनशी फारसा संबंध नाही. सगळा खेळ पुढच्या त्या सहा-सात इंचांच्या वजनाचा आहे.

म्हणून ‘कडक शाफ्ट म्हणजे कमी डिफ्लेक्शन’ हा समज सोडून द्या. शाफ्ट हाताला कडक लागो वा लवचीक, टोक हलकं असेल तर डिफ्लेक्शन कमी होतं. कंपन्या हे तीन-चार प्रकारे साधतात: शाफ्टचं टोक आतून पोकळ ठेवायचं, फेरूल आखूड आणि हलकं बसवायचं, व्यास कमी करायचा, किंवा लाकडाऐवजी कार्बन फायबरची नळी वापरायची. १९९० च्या दशकात प्रिडेटर कंपनीने ‘३१४’ हा पुढून पोकळ असलेला मेपलचा शाफ्ट आणला आणि तिथून हा प्रकार रुळला. आज जवळपास प्रत्येक मोठ्या क्यू कंपनीकडे आपापला लो-डिफ्लेक्शन शाफ्ट आहे.

आता हा फरक किती मोठा, तो आकड्यांत बघा. बॉलचा व्यास ५७.१५ मिमी. पांढरा बॉल ठरल्या रेषेपासून फक्त १ अंश सरकला, तर एक मीटर अंतरावर तो साडेसतरा मिमी बाजूला पोचतो. समोरचा बॉल सरळ शॉटसाठी ठेवला असेल, तर एवढ्या चुकीमुळे तो जवळजवळ १८ अंश तिरका जाईल. एक मीटर लांबच्या पॉकेटला आपल्याला मिळणारी सूट मात्र दोन्ही बाजूंना दीड-दोन अंशांची! भरपूर साइड लावली तर साध्या शाफ्टवर डिफ्लेक्शन दोन अंशांच्या आसपास जातं. चांगला लो-डिफ्लेक्शन शाफ्ट ते बरंच कमी करतो, पण शून्यावर आणत नाही. शून्य डिफ्लेक्शनचा शाफ्ट कोणी विकायला आलं तर घेऊ नका.

तुम्हाला तो खरंच हवा आहे का?

माझं मत स्पष्ट आहे: या शाफ्टचा सर्वात जास्त फायदा नव्या खेळाडूला होतो. वीस वर्षं साध्या मेपलच्या शाफ्टवर खेळलेला माणूस साइड लावताना नेम किती सरकवायचा हे विचार न करता करतो. त्याने शाफ्ट बदलला की ती सगळी सवय मोडून नव्याने घडवावी लागते. फिलिपिन्सचे दिग्गज खेळाडू एफ्रेन रेयेस यांनी १९८० च्या दशकात अमेरिकेत नाव गाजवलं, तेव्हा लो-डिफ्लेक्शन शाफ्ट बाजारातच नव्हता. डिफ्लेक्शन जास्त असूनही सर्वोच्च दर्जाचं खेळता येतं, फक्त ते अंगवळणी पडायला काही वर्षं लागतात. नव्या खेळाडूला मोडायची सवयच नसते. त्याला कमी दुरुस्ती शिकावी लागते आणि चूक झाली तरी ती लहान होते.

पण त्याआधी स्ट्रोक सरळ हवा. पांढरा बॉल टेबलाच्या मधल्या रेषेवर ठेवा, बरोबर मध्यावर मारा आणि समोरच्या कुशनवर आपटून तो परत टिपवर येतो का बघा. दहापैकी सहा-सात वेळा येत असेल तर शाफ्टचा विचार करायला हरकत नाही. बॉल दर वेळी वेगळ्या बाजूला परतत असेल, तर नकळत साइड लागते आहे. ते शाफ्टने सुटणार नाही. त्यापेक्षा तेच पैसे टेबलाच्या तासांवर खर्च करा.

आणखी एक गोष्ट मनात पक्की ठेवा. हा शाफ्ट जास्त स्पिन देत नाही. स्पिन येतो तो टिप मध्यापासून किती लांब लागली आणि क्यू किती वेगात होता यावरून. जाहिरातीत ‘अधिक स्पिन’ असं लिहिलेलं असतं, त्यासाठी पैसे मोजू नका.

जॉइंट जुळला नाही तर बाकी सगळं फुकट

जॉइंट म्हणजे शाफ्ट आणि बट जोडले जातात ती जागा. शाफ्ट सुटा विकत घेणार असाल, तर सर्वात आधी आपल्या बटमधला पिन, म्हणजे जोडणीचा स्क्रू, ओळखा. लोक व्यास, रंग, ब्रँड ठरवतात आणि पार्सल उघडल्यावर कळतं, की हा आपल्या क्यूवर बसतच नाही.

क्यू उघडा, बटमधून बाहेर आलेला स्क्रू बघा. पट्टी शेजारी धरून त्याची जाडी मोजा. साडेनऊ मिमीच्या आसपास असेल तर तो ३/८ इंची, आठ मिमीच्या जवळ असेल तर ५/१६ इंची. मग पट्टीवरचा एक इंच त्याच्या लांबीला लावून तेवढ्यात आटे किती येतात ते मोजा. ३/८ मध्ये सहसा १० किंवा ११ आटे असतात, ५/१६ मध्ये १४ किंवा १८. म्हणजे दुकानदाराला सांगायचं ते ‘३/८×१०’ किंवा ‘५/१६×१८’. आट्यांमधल्या खाचा टोकदार नसून गोलसर दिसत असतील तर तो रेडियल पिन असण्याची शक्यता जास्त. आटे पिनच्या थोड्याच भागावर असून क्यू एक-दोन फेऱ्यांतच घट्ट बसत असेल तर युनि-लॉकसारखा झटपट जॉइंट असेल. खात्री नसेल तर पिनचा फोटो, शेजारी पट्टी ठेवून, विक्रेत्याला पाठवा. अंदाजाने मागवू नका.

पिन जुळला तरी दोन गोष्टी राहतात. जॉइंटचे दोन्ही भाग सपाट एकमेकांवर टेकतात, की शाफ्टच्या टोकाचा छोटा गोल भाग बटमध्ये आत शिरतो, तेही सारखं हवं. आणि जॉइंटपाशी शाफ्ट आणि बटची जाडी जुळते का ते बघा. पाव-अर्धा मिमीचा फरक खेळाला बाधत नाही, पण बोटाला जाणवतो.

क्यू स्थानिक कारागिराकडून बनवून घेतलेला असेल तर पिनचं माप त्यालाच विचारा. नवा क्यूच घ्यायचा असेल, तर शाफ्टसकट येणारा घ्या. जुळवाजुळवीचा सगळा ताप वाचतो आणि बऱ्याचदा स्वस्तही पडतो.

व्यास आणि उतार

साधा पूल शाफ्ट टिपपाशी १३ मिमीचा असतो. लो-डिफ्लेक्शनमध्ये साधारण ११.७५ पासून १२.९ मिमीपर्यंत पर्याय मिळतात. उदाहरण द्यायचं तर प्रिडेटरच्या कार्बन शाफ्टमध्ये ११.८, १२.४ आणि १२.९ असे व्यास येतात, क्यूटेकच्या सिनर्जीमध्ये ११.८ आणि १२.५.

बारीक शाफ्टवर टिप बॉलच्या नेमकी कुठे लागणार ते नीट दिसतं आणि टोकही हलकं असतं. पण बारीक टिप हातातली बारीकशी चूकही बॉलवर उतरवते. नकळत दोन मिमी सरकलात तर ते दिसतंच. जाड शाफ्ट हाताला भरीव लागतो, मध्यावर मारणाऱ्याला शांत वाटतो. पूलपासूनच सुरुवात केली असेल तर १२.४ ते १२.५ मिमीपासून सुरू करा. यात पश्चात्ताप होण्याची शक्यता सर्वात कमी.

आपल्याकडे मात्र बरेच जण स्नूकरवरून पूलकडे येतात. पुण्या-मुंबईच्या जिमखान्यांत आणि पार्लरमध्ये हात बसलेला असतो तो ॲशच्या लाकडाच्या, साडेनऊ-दहा मिमी टिपच्या क्यूवर. अशा खेळाडूला १३ मिमीचा शाफ्ट जाडजूड वाटतो आणि नेम धरताना टिप नजरेत खुपते. त्यांनी ११.८ च्या आसपासचा शाफ्ट बघावा, हात लवकर रुळतो.

व्यासाइतकाच महत्त्वाचा उतार. प्रो टेपर म्हणजे टिपपासून मागे दहा-पंधरा इंच शाफ्टची जाडी जवळपास सारखीच. ब्रिज म्हणजे क्यूला पुढे आधार देणाऱ्या हाताची ठेवण. बोटांची कडी करून क्लोज्ड ब्रिज धरणाऱ्यांना तो सोयीचा, कारण स्ट्रोकमध्ये कडी सैल-घट्ट होत नाही. दुसरा प्रकार टिपपासून जॉइंटपर्यंत सारखा जाड होत जाणारा. स्नूकरसारखा उघडा ब्रिज वापरणाऱ्यांना त्याचा त्रास होत नाही आणि तो जरा कडकही लागतो. दुकानात शाफ्ट हातात आला की नुसता न्याहाळू नका, आपला नेहमीचा ब्रिज धरून दहा-बारा स्ट्रोक मागेपुढे करून बघा.

लाकूड की कार्बन

लाकडी लो-डिफ्लेक्शन शाफ्ट सहसा मेपलच्या अनेक पट्ट्या एकत्र चिकटवून केलेला असतो, म्हणजे कोणत्याही बाजूने फिरवून खेळलं तरी तो सारखा वागतो. अखंड लाकडात तंतूंच्या दिशेप्रमाणे थोडा फरक पडू शकतो. लाकडाचा स्पर्श उबदार, आवाज ओळखीचा, किंमत कमी. अमेरिकेत लाकडी शाफ्ट दोन-तीनशे डॉलरमध्ये मिळतात, नावाजलेले कार्बनचे त्याच्या वर जातात. इथे मागवताना आयात शुल्क, जीएसटी आणि कुरिअर धरून हिशोब करा.

कार्बनचा शाफ्ट वाकत नाही, घासून बारीक होत नाही, ओल्या फडक्याने पुसला की स्वच्छ. मुंबई, कोकण, गोवा इथे राहणाऱ्यांनी या मुद्द्याला जास्त वजन द्यावं. जून ते सप्टेंबरच्या दमट हवेत मेपलचा शाफ्ट हाताला चिकटतो आणि नीट ठेवला नाही तर वाकतो. वाकलेला शाफ्ट टेबलावर लोळवून बघा, टोक उड्या मारताना दिसतं. पुणे-नाशिकच्या कोरड्या हवेत लाकूड सांभाळणं तितकं अवघड नाही. कार्बनचा आवाज मात्र काहींना आवडत नाही. तो जरा पोकळ, टणक येतो. ही आवडीची गोष्ट आहे, तिथे दुसऱ्याचं ऐकू नका.

पैसे बेताचे असतील तर मी लाकडी लो-डिफ्लेक्शन शाफ्ट घ्या म्हणेन. अनोळखी नावाचा स्वस्त कार्बन नको. शाफ्ट कार्बनचा आहे एवढ्याने टोक हलकं होत नाही. नळीच्या आत काय भरलंय, फेरूल कसलं बसवलंय, यावर सगळं ठरतं. मोठ्या ब्रँडच्या नकलाही फिरतात, तेव्हा अर्ध्या किमतीत ‘ओरिजनल’ मिळत असेल तर अधिकृत विक्रेत्याचं बिल मागा.

विकत घेण्याआधी ही चाचणी करा

कोणाचा तरी शाफ्ट अर्धा तास मागून घ्या आणि आपल्या शाफ्टशी ताडून बघा. नुसतं खेळून कळत नाही. नीट मोजायची पद्धत अशी.

पांढऱ्या बॉलच्या जागी पट्ट्याचा बॉल घ्या, समजा ११ नंबर. तो टेबलाच्या मधल्या रेषेवर असा ठेवा, की पट्टा तुमच्याकडे तोंड करून उभा राहील. या पट्ट्याची रुंदी बॉलच्या व्यासाच्या साधारण निम्मी असते, म्हणजे त्याच्या कडा मध्यापासून चौदा मिमीच्या आसपास येतात. तीच साइड लावण्याची मर्यादा. त्याच्या बाहेर टिप लागली की मिसक्यू, म्हणजे टिप बॉलवरून घसरणं, ठरलेला.

समोरच्या कुशनवर मधोमध चॉकचा तुकडा ठेवा. क्यू चॉकच्या रेषेत धरा, मग पूर्ण क्यू समांतर उजवीकडे सरकवा, टिप पट्ट्याच्या मध्य आणि कडेच्या बरोबर मधे येईपर्यंत. बट शक्य तितका खाली, क्यू जवळपास आडवा. आता जोरात, पण हिसका न देता मारा. बॉल चॉकच्या कुठे लागतो त्याची खूण करा. क्यू समांतर सरकवला आहे, तेव्हा डिफ्लेक्शन अजिबात नसतं तर बॉल मधल्या रेषेतच जाऊन बरोबर चॉकसमोर लागला असता. त्या जागेपासून तो जितका डावीकडे गेला, तेवढं डिफ्लेक्शन. प्रत्येक शॉटनंतर बॉल उचलून त्यावरचा चॉकचा ठिपका बघा. तो ठरवलेल्या जागी नसेल तर तो शॉट मोजू नका. बहुतेकांना इथेच पहिल्यांदा कळतं, की आपण समजतो तिथे टिप लागतच नाही. प्रत्येक शाफ्टवर पाच-सहा चांगले शॉट मिळाले की खुणांची तुलना करा.

जोरात मारायचं कारण असं. साइड लावलेला बॉल हळू गेला तर कापडावर घासून तो परत स्पिनच्या दिशेला वळतो. याला स्वर्व्ह म्हणतात. बट जितका वर, शॉट जितका हळू, कापड जितकं जाड किंवा दमट, तितकं हे वळण लवकर दिसतं. वेगवान शॉटमध्ये ते फारसं आड येत नाही, म्हणून मोजमाप स्वच्छ होतं.

नवा शाफ्ट हाती आल्यावर

स्वर्व्हची हीच गोष्ट नव्या शाफ्टवर त्रास देते. साध्या शाफ्टवर हळू शॉटमध्ये डिफ्लेक्शन आणि स्वर्व्ह बऱ्याचदा एकमेकांना खोडून काढतात. लो-डिफ्लेक्शनमध्ये पहिलं कमी झालं, दुसरं तसंच राहिलं. त्यामुळे हळू शॉटवर बॉल स्पिनच्याच बाजूला गेलेला दिसतो आणि खेळाडूला वाटतं शाफ्टच बिघडला. बिघडलेला नसतो. वेगवान शॉट आणि हळू शॉट वेगवेगळे शिका. आधी जवळचे, मध्यम वेगाचे, अर्धी साइड लावलेले शॉट बसवा. मग अंतर वाढवा आणि हळू शॉट सर्वात शेवटी घ्या.

या काळात जुना आणि नवा शाफ्ट आलटून पालटून वापरू नका. क्लबच्या रॅकमधला क्यूही नको. एकच शाफ्ट, एकच टिप, आणि निदान महिनाभर.

टिपबद्दल थोडं. मध्यम कडकपणाची, पापुद्र्यांची टिप नव्या खेळाडूला पुरते. टिप बदलायची वेळ आली की लो-डिफ्लेक्शन शाफ्टचं काम जपून करणाऱ्याकडेच द्या. यांचं फेरूल आखूड आणि पातळ असतं. लेथवर जास्त घासलं गेलं तर कंपनीने राखलेला हलकेपणाच बिघडतो. कार्बनचा शाफ्ट घरी सँडपेपरने घासू नका. पृष्ठभाग खराब होतो आणि उडणारी बारीक धूळ फुफ्फुसांना चांगली नाही. लाकडी शाफ्ट रोज खेळून झाल्यावर कोरड्या सुती फडक्याने पुसला, केसमध्ये उभा किंवा सपाट ठेवला आणि उन्हात तापलेल्या गाडीत विसरला नाही, की पुष्कळ टिकतो.

ब्रेकसाठी, म्हणजे डाव सुरू करणाऱ्या जोरदार पहिल्या शॉटसाठी, हा शाफ्ट वापरू नका. पोकळ टोकाला आणि पातळ फेरूलला तो मार सोसवत नाही, आणि ब्रेकमध्ये साइड लावायची नसल्याने कमी डिफ्लेक्शनचा तिथे उपयोगही नसतो. ब्रेकपुरता रॅकमधला कोणताही सरळ, घट्ट टिपचा क्यू उचला. वेगळा ब्रेक क्यू घेण्याची घाई नाही.

दुकानात किंवा फोनवर एवढं सांगा: पिनचं माप, जॉइंट सपाट की आत शिरणारा, टिपपाशी हवा असलेला व्यास, उतार कोणता आणि टिप कोणत्या कडकपणाची. शाफ्टची लांबीही विचारून घ्या. ५८ इंची क्यूला २९ इंचांचा शाफ्ट लागतो, पण काही मॉडेल ३० इंचांतही येतात. शाफ्टचं वजनही विचारा, साधारण १०० ते १२० ग्रॅम असतं. जुन्या शाफ्टपेक्षा ते बरंच कमी असेल तर क्यूचा तोल मागे जातो आणि पुढचं टोक हातात हलकं लागतं. बटमधला वजनाचा बोल्ट हलका घातला की तोल बऱ्यापैकी पुन्हा पुढे येतो. आणि शाफ्ट हाती आल्याबरोबर, पावती फेकण्याआधी, जॉइंट घट्ट करून क्यू टेबलावर लोळवून बघा.